रोकुगानमधली उतरंड काढली तर खेळायला उरतं काय?

तलवार_म्यानातच

'नवख्यांनी कोणता खेळ घ्यावा' या चर्चेत काल एकाने ठोकून दिलं की 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' हा रोकुगान नावाच्या काल्पनिक सामुराई साम्राज्यातला रोल-प्लेइंग खेळ घेऊ नका, तो अमेरिकन लोकांनी रचलेला खोटा जपान आहे. घेतलाच तर त्यातली उच्चनीचता सरळ कापून टाका आणि क्लॅन म्हणजे घराणी, कताना तलवारी, राक्षस एवढंच ठेवून खेळा. दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

खोटा जपान आहे हे कोणी नाकारलंय? १९९५ साली पत्त्यांचा खेळ आला, १९९७ साली त्याच जगावर पहिलं रूलबुक. क्रॅब घराणं भिंत राखतं ती पाहून चीन आठवतो, युनिकॉर्न आठशे वर्षं बाहेरच्या मुलखात भटकून घोडे घेऊन परततात ते पाहून मंगोल आठवतात. रोकुगान म्हणजे रोकुगान. त्यावर माझा राग नाही. राग आहे तो 'कापून टाका'वर.

डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सरदार खुनी आहे हे कळलं की रात्री त्याच्या वाड्यात शिरायचं आणि हिशोब चुकता करायचा. रोकुगानमध्ये खुनी कोण हे पहिल्या तासात कळलं तरी तुमच्या हातात काही नसतं. तिथे पुराव्याला किंमत नाही, साक्षीला आहे, आणि साक्षीचं वजन साक्षीदाराच्या दर्जावर ठरतं. आमच्या टेबलावर क्रेन घराण्याच्या एका दरबाऱ्याचा खून झाला. द्वंद्वात पडला असं सगळे सांगत होते. जखम पाठीत होती. ती पाहिली कुणी? प्रेत उचलणाऱ्या एता, म्हणजे तिथल्या अस्पृश्य, बाईने, कारण प्रेताला हात लावणं सामुराईला विटाळ. मी लायन घराण्याचा मॅजिस्ट्रेट, तपास माझ्याकडे. खुनी समोर बसून चहा घेतोय, दर्जाने माझ्या वर, आणि माझ्याजवळची एकमेव साक्षीदार अशी की तिचं नाव दरबारात घेतलं तर माझीच अब्रू जाईल. पुढचा सगळा खेळ त्याच्या तोंडून कबुली काढण्यात गेला. तलवार एकदाही उपसली नाही. इतकी धडधड मला कुठल्याच ड्रॅगनसमोर झालेली नाही.

आणि हे फक्त गोष्टीत नाही, नियमांत आहे. २०१८ची पाचवी आवृत्ती घ्या. रिंग म्हणजे पात्राची पृथ्वी, जल, अग्नी अशी तत्त्वं; त्या रिंगच्या फाशाच्या सहा बाजूंपैकी तीन बाजूंवर तणावाची खूण आहे. यश हवं तर तणाव पदरात घ्यायचा, आणि तो तुमच्या संयमापलीकडे गेला की चारचौघांत मुखवटा गळायची वेळ येते. बरोबरीच्यांत मुखवटा गळला तर कुणाला काय फरक पडतो? वरचा बघतोय, खालचा बघतोय, म्हणून तो जपायचा. उतरंड काढा आणि त्या फाशांना अर्थच उरत नाही.

पाणवठा

त्या बाईचं नाव काय होतं?

एवढी मोठी पोस्ट लिहिलीत. तुमच्या धडधडीचं वर्णन आहे, तुमच्या अब्रूचं आहे, खुन्याच्या चहाचंही आहे. जिने पाठीतली जखम पाहिली तिला नाव नाही, आणि शेवटी तिचं काय झालं तेही नाही. ज्या माणसाला शिवायचं नाही त्याचा उपयोग तुमच्या सामुराईची घालमेल रंगवण्यापुरता झाला.

मी हा खेळ सोडला तो याच कारणाने. टेबलावर एता पात्र आलं की आमचा जीएम (खेळ चालवणारा) नाकाला रुमाल लावायचा. एकदा माझ्या पात्राने त्या माणसाच्या हातून कंदील घेतला तर समोरचा ओरडला, 'विटाळ झाला, आता आंघोळ कर!' आणि सगळे खो खो हसले. पुण्यातली शिकलेली मुलं. माझी आजी गावच्या विहिरीवर घागर खाली ठेवून उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल या आशेवर. मी पुस्तक तिथंच ठेवलं आणि उठले.

आणि 'काल्पनिक आहे' हे सांगू नका. जपानमध्ये १८७१ साली सरकारने हुकूम काढून एतांचा हा दर्जा रद्द केला. वागणूक बदलली नाही, म्हणून तर १९२२ साली त्या लोकांनी क्योतोत सुइहेईशा ही आपली संघटना उभी केली, आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी. १९७५ साली उघड झालं की कुठल्या वस्त्या 'तसल्या' आहेत याच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला आलेल्यांना गाळता यावं म्हणून. ती माणसं आजही आहेत. तुमच्या रविवारच्या करमणुकीसाठी त्यांची अवहेलना हवी कशाला?

दहा_बाजू

मुद्दा बाजूला राहू दे, पण पाचव्या आवृत्तीचं कौतुक वाचून डोकं फिरलं. चौथी आवृत्ती, २०१०. साधे दहा बाजूंचे फासे, कुठल्याही दुकानात मिळतात. सात टाका, तीन ठेवा, दहा पडला की पुन्हा टाका. लहान पोरालाही कळतं. तिथून यांनी आणलं काय? खुणांचे खास फासे! सहा बाजूंचे वेगळे, बारा बाजूंचे वेगळे, दुसऱ्या कुठल्याही खेळात उपयोग शून्य. मी बाहेरून मागवले तर पोस्टाने येईपर्यंत पावसाळा संपला, वर कस्टमचा भुर्दंड. खिसा कापायचा धंदा आहे सगळा.

आणि तणाव! माझा क्रेनमधल्या काकिता कुळाचा द्वंद्ववीर, घराण्यातला थंड डोक्याचा माणूस. दोन फासे वाकडे पडले म्हणून तो भर दरबारात किंचाळणार? माझं पात्र कधी चिडेल हे मी ठरवणार. फासा कोण लागून गेला?

खेकडा_भिंतीवरचा

दरबार, चहा, साक्ष ही मागच्या अंगणातल्यांची चैन. आम्ही क्रॅबवाले कायू भिंतीवर उभे असतो. पलीकडून शॅडोलँड्सचं, राक्षसांच्या मुलखातलं, जे काही चढून येतं ते तुमचा दर्जा विचारत नाही. माझ्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या खेळात) शेतकरी आणि सामुराई एकाच कढईतलं खातात. उतरंड न ठेवताही हा खेळ होतो, आम्ही खेळतोय.

तलवार_म्यानातच

दहा_बाजू, आधी नियम नीट वाचा, मग चिडा. टाकलेल्या सगळ्या फाशांचा तणाव लागत नाही, ठेवलेल्या फाशांचाच लागतो. ठेवायचे कोणते हे तुम्हीच ठरवता. आणि मुखवटा कधी उतरवायचा, कसा, तेही खेळाडूच्याच हातात असतं. किंचाळायलाच हवं असं कुठे लिहिलंय? तुमचा काकिता काही न बोलता उठून निघून गेला तरी तो मुखवटा गळलाच.

दहा_बाजू

वाचलेत नियम, पाठ आहेत. रिंगच्या फाशावर यशाच्या बाजू तीन. त्यांतल्या दोन तणाव घेऊन येतात, पुन्हा टाकायला मिळते ती बाजूही त्यातलीच. निखळ यश एकाच बाजूवर. ही निवड म्हणता तुम्ही? आणि संयम भरला की तणावाची खूण असलेला फासा ठेवताच येत नाही. म्हणजे चांगले फासे समोर पडलेत आणि मी ते उचलू शकत नाही. हात बांधून वर सांगायचं, 'तुम्हीच ठरवा.'

चौथ्यात ऑनर, ग्लोरी, स्टेटस कागदावर होते. अपमान झाला, जीएमने ऑनर कमी केला, मी ठरवलं गिळायचा की नाही. तो अभिनय होता. आता अभिनय फासे करतात.

तलवार_म्यानातच

चौथ्यात तुम्ही गिळायचातच, दर वेळी. मी तुमच्याबरोबर खेळलोय. सासू मेली, मालकाने लाथाडलं, भावाने दगा दिला, तरी तुमचा माणूस दगडासारखा. त्याला अभिनय म्हणू नका. माणसाला आतून काही होतंय हे पाचव्या आवृत्तीने पहिल्यांदा मोजायला घेतलं. संयम म्हणजे पृथ्वी आणि जल यांची बेरीज दुप्पट. तुमच्या पात्राचं सगळं बळ अग्नी आणि वायूत, मग तो लवकर तापणारच. तक्रार फाशांची नाही, तुम्ही बांधलेल्या पात्राची आहे.

दहा_बाजू

व्यक्तिगत होऊ नका. माझ्या पात्राने त्या दिवशी तोंड बंद ठेवलं म्हणून तुमचा मॅजिस्ट्रेट जिवंत राहिला. विसरलात एवढ्यात.

सनावळी

फाशांवर भांडा, पण वरच्या पोस्टमधला 'खोटा जपान' एवढ्या स्वस्तात सोडू नका. ही जी दगडात कोरल्यासारखी उतरंड आहे, ती युद्धांच्या काळातली नाहीच. सेनापती हिदेयोशी शेतकऱ्याच्या घरातून वर आला आणि सगळ्या जपानचा धनी झाला. मग त्यानेच १५८८ साली शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली आणि आपल्यामागे दार लावलं. तोकुगावा शोगुनांनी १६०३ नंतर ते दार पक्कं केलं. म्हणजे लढाया सेनगोकुच्या, म्हणजे त्या युद्धकाळाच्या, आणि दर्जे एदोचे, म्हणजे तोकुगावांच्या काळाचे, अशी रोकुगानची जोडणी आहे, आणि ही व्यवस्था हजार वर्षं तशीच चालली असं ते पुस्तक सांगतं. खऱ्या जपानमध्ये १५४३ साली तानेगाशिमाला बंदुका उतरल्या आणि १५७५ साली नागाशिनोला त्यांनी घोडदळ झोपवलं. रोकुगानमध्ये दारूगोळ्याला बंदी. का? बंदूक आली की शेतकरीही सामुराईला पाडतो, आणि मग ती उतरंड टिकत नाही.

बुशिदोचंही, म्हणजे सामुराईंच्या आचारधर्माचंही, तेच. सात सद्गुणांची जी यादी रूलबुकात आहे, तिच्यामागे नितोबे इनाझो यांचं १९०० सालचं पुस्तक आहे. ते त्यांनी अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिलं, परक्यांना जपान समजावण्यासाठी, आणि तेही सामुराईंच्या तलवारी कायद्याने काढून घेतल्यावर वीसेक वर्षांनी. तेव्हा उतरंड 'अस्सल' आहे म्हणून ठेवा, हा युक्तिवाद कुणी करू नये.

तलवार_म्यानातच

मी 'अस्सल' म्हटलेलंच नाही. खेळ म्हणून ती लागते असं म्हटलं. बंदुकीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, तो मला सुचला नव्हता. बंदी उठवली तर काय होईल हे एखाद्या कॅम्पेनमध्ये बघायला हवं.

निळा_पंखा

तिचं नाव ओसेन. मी त्या टेबलावर होते, क्रेनची दरबारी.

पाणवठाताई, राग पटतो. कबुली निघाल्यावर मी जीएमला विचारलं होतं की ओसेनचं पुढे काय. तो म्हणाला, 'गावात परत गेली असेल.' असेल! खुन्याच्या घराण्याला कळलंय की तिने पाहिलं, आणि ती गावात परत जाऊन सुखाने राहणार? मी माझ्या घराण्याच्या ताब्यातल्या खेड्यात तिला हलवलं, त्यासाठी स्कॉर्पियन घराण्यातल्या एकाचं देणं अंगावर घेतलं. हे तलवारदादांनी पोस्टमध्ये लिहिलेलं नाही, कारण तेव्हा ते पुढच्या सेशनची तारीख ठरवत होते.

पण 'कापून टाका' मलाही नको. दरबारात भेट द्यायची तर समोरचा दोनदा नाकारतो, तिसऱ्यांदा घेतो. एका क्रॅबला मी पंखा दिला. पहिल्याच वेळी त्याने 'छान आहे' म्हणून कमरेला खोचला. सगळं दालन गप्प. त्या एका क्षणात त्याच्यावर उपकार चढले, आणि लढाईत शंभर राक्षस मारूनही ते फिटणार नव्हते. हे सोडून मला नुसते राक्षस मारायचे नाहीत. (खेकडाभाऊ, तुमच्या भिंतीवरही हुकूम हिदा सरदारांचाच चालतो आणि आधी शेतकरीच मरतो. एका कढईत जेवल्याने ते बदलत नाही.)

माझी अडचण वेगळी आहे. कोअर रूलबुक उघडलं की योद्धा, दरबारी, शुगेन्जा (मंत्र जाणणारे पुजारी), भिक्षू. चामडं कमावणाऱ्या माणसासाठी एक स्कूल, पात्राची तालीम, नाही. उतरंड दाखवायची तर ती खालून दिसू दे.

खेकडा_भिंतीवरचा

तो पंखा घेणारा मीच. आजही त्यात गैर काय ते कळलेलं नाही. मिळालेली वस्तू घ्यावी.

दहा_बाजू

खालून खेळायचं तर पाचव्यात आणखी घोळ. ओसेनने तणाव कुणापुढे दाखवायचा? सामुराईपुढे तोंड उघडलं तर मुंडकं उडेल. म्हणजे तिचा संयम भरणार, चांगले फासे तिला ठेवता येणार नाहीत, आणि मुखवटाही उतरवता येणार नाही. अडकून पडेल बिचारी. नियम लिहिणाऱ्यांनी तिचा विचारच केलेला नाही.

तलवार_म्यानातच

दहा_बाजू, या सगळ्या भांडणात हे एक वाक्य तुम्ही कामाचं लिहिलंत. ती अडकून पडेल, हेच तर तिचं आयुष्य आहे. तुम्ही नियमाचा दोष म्हणून मांडलंत, मला तो नियम तिथे पहिल्यांदा खरा वाटला.

पाणवठा

फाशांवर एवढं लिहून झालं आणि शेवटी कुठे आलात बघा. तुम्हाला ते 'खरं' वाटलं. आम्हाला ते वाटून घ्यावं लागत नाही.

निळा_पंखा, ओसेनला हलवलंत ते वाचून बरं वाटलं. पण तिला वाचवायला पुन्हा वरच्या घराण्यातलीच बाई लागली, हेही लक्षात घ्या.

माझं मत बदललेलं नाही. तरी कुणी खालून खेळणार असेल, चामडं कमावणारे, प्रेतं उचलणारे, सगळे खेळाडू तेच, एकही सामुराई नाही, तर मी येईन. जीएम मी होणार. विटाळाचं राज्य कसं चालतं हे वरच्या लोकांच्या तोंडून मी बोलेन, कारण मला ते ऐकून माहीत आहे. टेबलावर पहिला माणूस हसला की खेळ तिथंच बंद, चर्चा नाही. फासे कुठल्या आवृत्तीचे ते तुम्ही दोघे ठरवा.

दहा_बाजू

चौथ्या.

तलवार_म्यानातच

पाचव्या. वर त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. जागा माझ्या घरी, रविवारी दुपारी. निळा_पंखा, ओसेन तुम्ही खेळा.