फाइल ‘संपली’ म्हणजे नक्की कधी?

दौत : पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी सी भाषेतले फाइल वाचन-लेखनाचे नमुना प्रोग्राम तपासते आहे, मराठी टिपांसकट. एका टिपेवर अडले. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, डोक्यावर एफईओएफची (फाइलचा शेवट तपासणाऱ्या फंक्शनची) अट आणि शेजारी टीप : ‘फाइल संपत नाही तोवर वाचत राहा.’ मराठी सरळ आहे, पण प्रोग्राम शेवटची ओळ दोनदा छापतो. चूक टिपेत की प्रोग्राममध्ये?

गोटीसोडा : दोन्हीकडे, आणि एकाच कारणाने. एफईओएफ फाइलकडे बघून उत्तर देत नाही, मागच्या वाचनाचं काय झालं तेवढंच सांगतं. अंधारात लाडवांच्या डब्यात हात घालताय असं समजा. शेवटचा लाडू काढलात तेव्हाच डबा रिकामा झाला, पण तुम्हाला त्याचा पत्ता नाही. पुन्हा हात घातलात, बोटं तळाला लागली, की कळतं. एफईओएफ त्यानंतरच ‘हो’ म्हणतं. नमुन्यात अट आधी, मग वाचन, मग छपाई. शेवटच्या फेरीत ओळ वाचणाऱ्या एफगेट्सच्या हाती काहीच लागत नाही, वाचलेली ओळ ठेवायच्या ॲरेत मात्र आधीची ओळ तशीच पडलेली असते. तीच पुन्हा छापली जाते.

गंमत म्हणजे शेवटच्या ओळीपुढे एंटर मारलेला नसेल, तर ती ओळ वाचता वाचताच तळ लागतो आणि दुबार छपाई होत नाही. म्हणून ही चूक एकाच्या मशीनवर दिसते, दुसऱ्याच्या नाही, आणि मुलं कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या घालतात.

तेव्हा टीप ‘मागच्या वाचनात शेवट लागला का?’ अशी हवी. लूपची अट एफगेट्सवरच ठेवा, नल, म्हणजे ‘काही मिळालं नाही’ची खूण, परत आलं की थांबा. एफईओएफ लूपबाहेर विचारायचं : थांबलो ते शेवट लागला म्हणून, की वाचनातच बिघाड झाला म्हणून?

दौत : ‘शेवट लागला’ घेते. भूतकाळाने काम केलं म्हणायचं!

रविवारची उसळ : मी सी-बी काही जाणत नाही, पण जन्म दप्तरात गेला. आमच्याकडे फाइल म्हणजे नस्ती आणि काम मिटलं की ‘नस्तीबद्ध’. फाइल बंद करणाऱ्या त्या एफक्लोजला तो शब्द द्या की.

दौत : नको हो काका, नस्तीबद्ध झालेली पुन्हा उघडायची म्हणजे किती सह्या लागतील! एफक्लोज केलेली फाइल पुढच्याच ओळीत परत उघडता येते. ‘संचिका’ही करून पाहिला, मुलं त्या शब्दावरच थबकतात. फाइलच ठेवते. तो मुळात दोऱ्याचा शब्द, लॅटिन फिलुमवरून आलेला. दोऱ्यात ओवलेले कागद.

गोटीसोडा : फाइल उघडणाऱ्या एफओपनच्या ‘डब्ल्यू’ रीतीपुढे काय लिहिलंय?

दौत : ‘लिहिण्यासाठी उघडा.’

गोटीसोडा : घातक! त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर आतला मजकूर उघडताक्षणीच जातो, एक अक्षरही लिहायच्या आत. ‘कोरी करून उघडा’ लिहा. एफफ्लशपुढे ‘बफर रिकामा करा’ असेल (बफर म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायची जागा) तर तेही खोडा. ‘रिकामा’ वाचून मुलांना वाटतं, आतलं फेकून द्यायचं आहे, आणि कीबोर्डवरून वाचणाऱ्या स्कॅनएफनंतर उरलेला एंटर घालवायला ती एफफ्लश थेट एसटीडीइनवर, म्हणजे कीबोर्डकडून येणाऱ्या मजकुरावर, चालवतात. काही कंपायलर ते चालवून घेतात, पण सी भाषेच्या प्रमाण नियमांत त्याचं वर्तन ठरवलेलंच नाही. एफफ्लश लिहिण्यासाठी आहे. ‘साठलेलं पुढे धाडा’ कसं वाटतं?

दौत : ‘धाडा’ जरा पोस्टातला वाटतो, पण अर्थ चुकत नाही. राहिली ‘ए’ रीत. आधीचं तसंच ठेवून नवीन मजकूर शेवटी जातो. ‘शेवटी जोडा’ लिहिलं होतं, फारच कोरडं आहे.

रविवारची उसळ : परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की मुलं काय मागतात?

दौत : पुरवणी! काका, हा पक्का.