मदत हवी आहे: वाइनचा सलग पाच दिवसांचा कोर्स, लेव्हल ३ ची तयारी कशी करू?

डब्ल्यूएसईटी (वाइनचं शिक्षण देऊन परीक्षा घेणारी ब्रिटिश संस्था) लेव्हल ३ चा सलग पाच दिवसांचा वर्ग लावलाय. सहा आठवडे हातात आहेत, परीक्षा शेवटच्या दिवशीच. लेव्हल २ झालंय. नोकरी सांभाळून रोज दीड तास मिळतो.

५० बहुपर्यायी प्रश्नांचं मला फारसं टेन्शन नाही. अडतंय ते २५-२५ गुणांच्या चार लेखी प्रश्नांवर. पुस्तक दोनदा वाचलं, कार्डं केली, प्रदेश आणि द्राक्षांच्या जाती पाठ आहेत. पण ‘थंड हवामानातल्या वाइनमध्ये आम्लता जास्त का?’ असं आलं की उत्तर दोन ओळींत संपतं. द्राक्ष सावकाश पिकतं, आम्ल टिकून राहतं, एवढंच सुचतं. त्यापुढे गुण कशाचे मिळतात ते कळत नाही.

दुसरं, चाखणं. अर्ध्या तासात दोन वाइन, आणि थिअरी व चाखणं दोन्हींत वेगवेगळे ५५ टक्के हवेत. आम्लता जमते, तोंडाला पाणी किती सुटतं त्यावरून. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा, तोंड कोरडं करणारा घटक) मात्र दरवेळी ‘मध्यम’च लिहिते. हिरड्या कोरड्या पडतात ते कळतं, किती ते ठरवता येत नाही. कडक काळ्या चहाशी तुलना करून पाहिली, पण चहाचा कडवटपणाच जास्त जाणवतो. आठवड्याला दोनच बाटल्या परवडतात, चाखून थुंकतेच.

असा सलग वर्ग केलेल्यांना विचारायचंय: लेखी उत्तरांचा सराव कसा केलात, आणि टॅनिनचा अंदाज बसवायला कुठल्या दोन वाइन शेजारी ठेवू?