मदत हवी आहे: गावाच्या सामायिक सोलरला बॅटरी घ्यावी की नाही? रविवारी मीटिंग आहे

धुरा (दारव्हा तालुका)
लवकर सांगा. एका कंपनीनं आमच्या गावाला २० किलोवॅटचं सोलर बॅटरीसकट २४ लाखांत देतो म्हटलं. ३८ घरं आहेत. प्रत्येक घराचे २५ हजार, बाकीचं कर्ज. म्हणतात बिल शून्य होईल आणि लाइन गेली तरी लाइट राहील. उन्हाळ्यात तर वारं सुटलं की लाइन गेलीच समजा, रात्रभर लेकरं घामानं रडतात. रविवारी लोकांना हो सांगू की नाही, तेवढं सांगा.

सौरमिस्त्री
बॅटरी कोणती, किती युनिटची? इन्व्हर्टर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) की ऑनग्रिड (लाइन असेल तरच चालणारा)? महावितरणची लाइन सध्या आहे का? यातलं काहीच न सांगता हो-नाही कसं सांगणार?

संत्राबाग (वरुड)
भाऊ, मागेल त्याला सौर कृषी पंप मध्ये अर्ज करा. १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. मी घेतला, दिवसा पाणी देतो, रात्रीचं वावरात जाणं बंद झालं.

धुरा
दादा, शेतीपंपाचं नाही विचारलं, घरांचं विचारलं. लाइन आहे, सगळ्यांना मीटर आहे. बॅटरी ४० युनिटची, ट्यूब्युलर लिहिलं आहे.

सौरमिस्त्री
ट्यूब्युलर म्हणजे लेड अ‍ॅसिड. ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती २० युनिट. आता तुमचा हिशेब करा. घरामागे पंखे, बल्ब, टीव्ही मिळून दीडशे वॅट धरले, तर ३८ घरांचे ५.७ किलोवॅट. पाच तासांना २८ युनिट लागतात, हाती २०च. रात्री बाराच्या आत अंधार. लिथियममधली फेरो फॉस्फेट घ्या, ८०-९० टक्के वापरता येते आणि दहा वर्षांच्या आसपास टिकते. लेड अ‍ॅसिड चार-पाच वर्षांत बदलावी लागते, मे महिन्याच्या उन्हात खोली तापली तर त्याआधीच.

लाइनमन_निवृत्त
मिस्त्री माल विकणार, लिथियमच सांगणार. मी म्हणतो, बिलावर युनिट किती येतात ते आधी सांगा.

धुरा
महिन्याला ४०-५० युनिट. कोणाकडे फ्रिज असला तर ८०.

लाइनमन_निवृत्त
बस, इथंच उत्तर आहे. ३८ घरांचे ५० प्रमाणे १९०० युनिट. शंभर युनिटच्या आतला दर सगळ्यात कमी असतो. सगळं धरून सहा रुपये म्हटलं तरी महिन्याला अकरा-साडेअकरा हजार वाचतील, वर्षाला एक लाख ३७ हजार. २४ लाख निघायला साडेसतरा वर्षं. त्यात व्याज नाही, बॅटरी बदलणं नाही. बिलासाठी घेत असाल तर नका घेऊ. आणि पोलवरून स्वतःची वायर न्यायची परवानगी कंपनीनं घेतली आहे का, ते विचारा. वीज कायदा २००३ च्या कलम १४ नं ग्रामीण भागात परवान्याची सवलत आहे, पण महावितरणच्या खांबावर हात लावायची नाही.

बचतगटाची ताई (वाशीम)
बिलाचंच काय घेऊन बसलात? रात्री साप निघतो, लेकराला ताप येतो, तेव्हा लाइट पाहिजे. त्याला रुपयांत कसं मोजणार?

लाइनमन_निवृत्त
ताई, पटतं. म्हणूनच म्हणतो, तेवढ्यापुरतं घ्या. अख्ख्या गावाची बॅटरी कायले?

मोहाचं झाड (गडचिरोली)
बिहारमधलं धरनई गाव माहीत असेल. २०१४ मध्ये तिथं १०० किलोवॅटचा मायक्रोग्रिड (गावापुरती स्वतःची सोलर वीज) बसवला, देशभर बातम्या झाल्या. पुढं लाइनची वीज आली, ती स्वस्त पडली, बॅटऱ्या खराब झाल्या आणि सगळं बंद पडलं. लोकांनी महिन्याचे पैसे भरले नाहीत तर बॅटरीचा फंड जमतच नाही.

सौरमिस्त्री
मग मोढेरा पण सांगा. गुजरातचं ते गाव ६ मेगावॅट सोलर आणि १५ मेगावॅट-तासांच्या बॅटरीवर चालतं.

मोहाचं झाड
तिथं सरकारचे पैसे लागले. इथं ३८ घरांचे कापसाचे पैसे लागत आहेत, फरक नाही का?

वऱ्हाडी पोट्टा
आमच्याकडं पॅनलवर माकडं नाचतात अन् रात्री रानडुक्कर वायर खोदतात. कुंपणाले झटका मशीन लावा आधी. कोणती चांगली हे कोणाले माहीत असंन तर सांगजा.

संत्राबाग
झटका मशीनचा वेगळा धागा काढा भाऊ.

धुरा
सूर्यघरचं कसं? घरोघर घेतलं तर?

सौरमिस्त्री
पीएम सूर्यघरमध्ये १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि वर ७८ हजार सबसिडी. बॅटरीला त्यात काही नाही. आणि लक्षात ठेवा, साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद होतो, भर उन्हातही. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तो नियम आहे. लोक इथंच फसतात.

धुरा
आमच्यातल्या निम्म्या घरांवर कवेलू (कौलं) आहे, पॅनल बसणारच नाही. म्हणून तर सामायिक म्हटलं. पाण्याच्या टाकीचं पण बिल आहे, ते ग्रामपंचायतीचं थकलं, म्हणून मागच्या महिन्यात लाइन कापली होती.

लाइनमन_निवृत्त
हे आधी काऊन नाही सांगितलं? टाकीचा पंप दिवसा सोलरवर चालवा, पाणी टाकीत साठतं, तिथं बॅटरी लागतच नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) निधी २०२५-२६ पर्यंत पाणी आणि स्वच्छतेसाठी होता, ग्रामसेवकाला त्यात काय शिल्लक आहे विचारा. रात्रीसाठी फक्त अंगणवाडी, समाजमंदिर आणि रस्त्याचे दिवे यांची छोटी लिथियम बॅटरी. समाजमंदिरात पंखे लावा, तापलेल्या रात्री लेकरं-म्हातारी तिथं झोपतील. बाकी घरी ज्याला झेपेल त्यानं इन्व्हर्टर घ्यावा.

बचतगटाची ताई
हे पटलं. पण पिठाच्या गिरणीचं काय? बायकांना दोन किलोमीटर जावं लागतं.

सौरमिस्त्री
गिरणी बॅटरीवर नको. दहा एचपीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, तेवढा इन्व्हर्टर परवडत नाही. दिवसा थेट सोलरवर व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारं यंत्र) लावून चालते.

धुरा
टाकीचा पंप साडेसात एचपी आहे, बोअर. व्हीएफडी जुन्याच मोटरला लागतो का?

सौरमिस्त्री
थ्री फेज असेल तर लागतो. पॅनल सुमारे सात किलोवॅटचे पाहिजेत. बोअरची खोली आणि मोटरच्या पाटीवरचा अँपिअर लिहा, फोटो टाकलात तर बरं.

धुरा
पाटी गंजली आहे. उद्या सकाळी घासून फोटो टाकतो.