विमानतळावरून परळला कसं जावं?

(टिळकवाडी, बेळगाव. सोसायटीचा ग्रुप)

रविवार, रात्री

बी २०४: मंडळी, एक विचारायचं होतं. मंगळवारी आईला घेऊन मुंबईला जाऊलालोय, परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवायचंय. नंबर बुधवारी सकाळचा आहे. विमान दुपारी साडेतीनला उतरतं. मुक्काम लालबागला, मावसभावाकडे. विमानतळावरून तिकडं कसं जावं? आईला जिने जमत नाहीत. सामान दोन बॅगा आणि आईची एक पिशवी, जी ती कुणाच्या हातात देत नाही.

सी ३०३ वहिनी: आधी तिकिटावर बघा भाऊजी, मुंबई लिहिलंय की नवी मुंबई? डिसेंबर २०२५ पासून दोन विमानतळ झालेत. आमच्या नणंदेनं घाईत तिकीट काढलं आणि उलव्याला उतरली. भाऊ इकडं सहारला, जुन्या विमानतळावर उभा!

बी २०४: बघितलं वहिनी. जुनंच आहे. टी-२, म्हणजे टर्मिनल दोन.

ए १०१ काका: नवी मुंबईला उतरला असतास तरी परळच्या माणसाला रडायचं कारण नव्हतं. अटल सेतू शिवडीला उतरतो, शिवडीहून परळ हाकेच्या अंतरावर. कारला एका वेळचा टोल २५० रुपये, एवढंच. आणि रिक्षा त्या पुलावर घेत नाहीत.

बी ४०२ अंकल: आमच्या बेंगळूरला बघा, टर्मिनलच्या बाहेर वायुवज्र बस उभी असते. केआयए-९ मध्ये बसायचं, डायरेक्ट मॅजेस्टिक, मेन बसस्टँडला. सामान ठेवायला जागा, एसी. डोकं चालवायचं कामच नाही.

ए ३०२: अंकल, मेट्रो अजून एअरपोर्टपर्यंत आली नाही म्हणून बस. हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये त्या बसमध्ये माझी दोन वेळा झोप पूर्ण झालीय 😄

सेक्रेटरी: उद्या सकाळी टाक्या धुणार आहेत. १० ते १ पाणी नाही. भरून ठेवा.

ए ३०२: दादा, मेट्रोनं जा. ॲक्वा लाइन, मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे, २७ स्टेशनं. टी-२ चं स्वतःचं स्टेशन आहे. सगळीकडं लिफ्ट. तिकीट लांबात लांब ७० रुपये, तुम्हाला तर त्याहून कमी पडेल. ट्रॅफिक शून्य.

बी २०४: दादरला उतरायचं का मग?

ए १०१ काका: थांब. इथंच गफलत होते. मेट्रोचं दादर म्हणजे पश्चिम, टाटा आणि लालबाग रुळांच्या पूर्वेला. मध्ये रेल्वे. १९७४ ते ८२ मी परळला गिरणीत होतो, आमच्या गावच्या खोलीत चौदा जण राहायचो, खानापूरचे सहा, चंदगडचे आठ. पाळी सुटली की एल्फिन्स्टनच्या पुलावरून चालत पलीकडं. तो पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला बंद केला. म्हणजे टॅक्सीवाला दादरच्या टिळक पुलानं वळसा घेणार. मेट्रोतून वर येऊन, रस्त्यावर टॅक्सी शोधून, बॅगा चढवून, तेवढ्या जवळच्या भाड्याला कोण येणार? आईला फुटपाथवर उभी करून हात दाखवत बसशील.

सी ३०३ वहिनी: काकांचं खरं आहे. मेट्रोचं स्टेशनही टर्मिनलच्या पोटात नाही, बाहेर पडून थोडं चालावं लागतं. एकट्या माणसाला काही नाही. आजारी माणूस बरोबर असलं की ‘थोडं’ म्हणजे किती ते आपल्याला कळतं.

बी २०४: लोकल?

ए १०१ काका: नाव काढू नकोस. विलेपार्ल्याला जाऊन लोकल पकडायची आणि प्रभादेवीला उतरायचं, त्यात दोन बॅगा. दारात लटकणारी पोरं बघितली की आईच म्हणेल, चल परत बेळगावला.

ए ३०२: ओके, मग रिक्षा?

सी ३०३ वहिनी: रिक्षा वांद्र्याच्या पुढं शहरात येत नाही रे. बेळगावसारखं नाही ते, बोगारवेसला बसलं की कुठंही.

बी ४०२ अंकल: म्हणजे टॅक्सीच. किती होईल?

ए १०१ काका: काळी-पिवळीचं मीटर फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१, पुढं किलोमीटरला २०.६६. सोळा किलोमीटर धरले तर साडेचौदा गुणिले २०.६६, अधिक ३१. साधारण ३३०. मध्यरात्रीनंतर पंचवीस टक्के जास्त, ते तुला लागू नाही. प्रीपेड काउंटरवर मीटरपेक्षा जास्त घेतील, पण पावती मिळते, घासाघीस नको. ॲपची गाडी काय मागेल ते त्या दिवशीच्या गर्दीवर.

सी ३०३ वहिनी: मी तर म्हणते प्रीपेड. आणि विमान कंपनीला आजच फोन करून आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवा. मागितली की देतात, न मागता कुणी विचारत नाही. चेअर ढकलणारा माणूस थेट टॅक्सीपर्यंत सोडतो, बॅगासुद्धा तोच बघतो.

बी २०४: आईला व्हीलचेअर म्हटलं की राग येतोय. “मी काय लुळी आहे?”

ए १०१ काका: तिला सांग, चेअरवाल्याची रांग वेगळी असते. लवकर सुटका होते.

बी २०४: हे चालेल 🙏

ए ३०२: तरी परत येताना मेट्रोचा विचार करा दादा. जाताना उशीर झाला तर मावसभाऊ थांबेल, येताना विमान थांबणार नाही.

सेक्रेटरी: १० ते १ पाणी नाही. परत लिहितोय, कारण वर गेलं.

मंगळवार, संध्याकाळी

बी २०४: पोचलो. प्रीपेड घेतली. कलानगरला बराच वेळ अडकलो, दादरला थोडं, टिळक पुलावर परत. सव्वा तास. आई खिडकीतून बघत होती, कंटाळली नाही. चेअरवर बसली, वर चेअर ढकलणाऱ्या पोराला त्याचं गाव विचारून घेतलं. पिशवी मांडीवरच.

ए १०१ काका: पिशवीत काय होतं?

बी २०४: कुंदा. मावसभावाला. आणि एक डबा त्या चेअरवाल्याला दिला.

सी ३०३ वहिनी: 😂😂 उद्या लवकर निघा, टाटाला सकाळी रांग मोठी असते. रिपोर्टची फाइल हातात ठेवा, बॅगेत नको.

शुक्रवार, रात्री

बी २०४: परतीचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय, तीन आठवड्यांनी परत बोलावलंय. आज विमान संध्याकाळचं होतं. चार वाजता ॲप उघडलं तर टॅक्सी पावणेदोन तास दाखवत होतं, ऑफिसं सुटायची वेळ. मावसभावानं त्याच्या गाडीनं मेट्रोच्या दादर स्टेशनला सोडलं, आणि आत लिफ्टपर्यंत तोच आला. खाली गेल्यावर सगळं गार. आईला बसायला जागा मिळाली, एका मुलीनं स्वतः उठून दिली. तिथून टी-२ पर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. वर येऊन पुढचं चालणं मात्र वहिनी म्हणाल्या तसंच. आई दोनदा थांबली. पण वेळ हातात होता, म्हणून थांबू शकलो.

ए ३०२: 😎

ए १०१ काका: म्हणजे दोघंही बरोबर निघालो. पोरा, फार फुशारकी मारू नकोस, त्याच्याकडं मावसभाऊ होता.

ए ३०२: पुढच्या वेळी जाताना पण मेट्रो?

बी २०४: नाही रे. जाताना टॅक्सीच. येताना मेट्रो. आईनं आजच ठरवलंय.

बी ४०२ अंकल: आता कुठं आहात?

बी २०४: सांबऱ्याला, आपल्या विमानतळावर. आत्ताच उतरलो. बाहेर एक रिक्षावाला आहे, आकडा सांगतोय तो परळच्या टॅक्सीएवढा.

बी ४०२ अंकल: बसू नका. मी गाडी काढलोय. गेटजवळ आईंना बसवून ठेवा, वीस मिनिट.