डाउनलोड केलेलं कुठे जातं? ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

सावंत (ऑफिस): नमस्कार. ऑडिटर साहेबांनी एप्रिल ते मार्चची सगळी बँक स्टेटमेंट्स मागितली आहेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करायला घेतली तर जागा नाही म्हणतोय. सी ड्राइव्ह लाल झालाय. डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा आहे. डाउनलोड थेट डीमध्ये जाईल असं करता येतं का? कोणाला माहीत असेल तर सांगा.

गोखले काका (सेक्रेटरी): सावंत, ऑडिट ३१ जुलैच्या आत व्हायला हवं. त्यानंतर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. आज उद्या करू नका.

पाटील (बी-३०२): बी विंगच्या गेटसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? दूधवाला आत येऊ शकत नाहीये.

देसाई काकू (ए-४०४): सावंत, रिसायकल बिन रिकामा करा आधी. आमच्याकडे त्यातच जागा अडकली होती.

सावंत (ऑफिस): केला काकू. थोडीच जागा झाली.

निखिल (सी-७०४): सावंत काका, डाउनलोड कशावरून करता? क्रोम की एज?

सावंत (ऑफिस): बँकेचं क्रोमवरून. शिंदे मॅडम बसतात तेव्हा एज वापरतात. आणि मेंबरांचे कागद व्हॉट्सॅप वेबवर येतात.

निखिल (सी-७०४): मग दोन्हीकडे बदलावं लागेल. क्रोममध्ये बदललं म्हणून एजमध्ये बदलत नाही.

क्रोम: वर उजवीकडे तीन टिंबं, त्यात सेटिंग्ज, डावीकडच्या यादीत डाउनलोड्स. तिथे 'लोकेशन' दिसेल, समोर 'चेंज'चं बटण. ते दाबून डीमधलं फोल्डर निवडायचं. सेव्ह वगैरे दाबावं लागत नाही, लगेच लागू होतं. एजमध्ये तीन टिंबं आडवी असतात, बाकी वाट तीच. फायरफॉक्स कोणी वापरत असेल तर सेटिंग्ज, जनरल, आणि खाली 'फाइल्स अँड ॲप्लिकेशन्स'.

व्हॉट्सॅप वेब क्रोममध्ये उघडत असाल तर त्याचं वेगळं काही नाही. क्रोम सांगेल तिथेच त्या फायली जाणार.

कुलकर्णी आजोबा (ए-१०१): एक शंका. बदलल्यावर आधीच्या फायली आपोआप डीमध्ये जातात का?

निखिल (सी-७०४): नाही आजोबा. बदल पुढच्या फायलींना लागतो. जुन्या आहेत तिथेच राहतात, त्यामुळे नुसतं सेटिंग बदलून सीमध्ये एक एमबीसुद्धा मोकळा होणार नाही. त्या हाताने उचलून हलवायच्या. हलवल्यावर क्रोमच्या डाउनलोड यादीत (कंट्रोल जे) त्या 'डिलीटेड' दिसतील. घाबरू नका, फाइल गेलेली नसते, क्रोमला फक्त नवा पत्ता माहीत नसतो.

कुलकर्णी आजोबा (ए-१०१): मग विंडोजचं डाउनलोड्स फोल्डरच उचलून डीवर का नेत नाही? बँकेत आमच्या शेवटच्या वर्षांत सिस्टिमवाल्या मुलांनी तसंच केलं होतं.

निखिल (सी-७०४): तेही होतं. एक्सप्लोररमध्ये डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' टॅब, 'मूव्ह'. जुन्या फायलीही तिकडे न्यायच्या का, असं विचारतं. हो म्हणायचं. यात जुनं नवं सगळं एकदम जातं.

पण डीमध्ये आधी एक फोल्डर बनवा आणि मगच ते निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडून ओके केलं तर विंडोज अख्ख्या डीलाच डाउनलोड्स समजू लागतं, आणि ते परत सरळ करताना नाकी नऊ येतात. 'रिस्टोअर डिफॉल्ट' असतं तिथे, पण त्या अवस्थेत ते गुमान ऐकत नाही.

पाटील (बी-३०२): स्विफ्ट निघाली. धन्यवाद. आता माझाही प्रश्न. आमच्या चिरंजीवांच्या लॅपटॉपवर डाउनलोड केलेली फाइल सापडतच नाही. फोल्डर उघडलं की 'आज', 'काल', 'मागचा आठवडा' असे मथळे येतात. नावाप्रमाणे लावायला जावं तर ऐकत नाही.

निखिल (सी-७०४): रिकाम्या जागी राइट क्लिक, 'ग्रुप बाय', आणि 'नन'. विंडोज १० च्या २०१९ मधल्या एका अपडेटपासून डाउनलोड्स फोल्डर असं तारखेने गटवार दिसतं. कोणालाच ते आवडलं असेल असं वाटत नाही.

पाटील (बी-३०२): अरे वा, झालं! वर्षभर मी त्यालाच ओरडत होतो.

गोखले काका (सेक्रेटरी): विषयावर येऊ या. सावंतांनी डीमध्ये फोल्डर करून क्रोम आणि एज दोन्ही तिकडे वळवायचं. ठरलं?

शिंदे मॅडम (खजिनदार): ठरायच्या आधी माझं ऐका. आत्ताच त्या कॉम्प्युटरवर बसून डाउनलोड्स उघडून पाहिलं. थकबाकीची यादी, मग कंसात १, कंसात २, असं कंसात ९ पर्यंत. भाडेकरार. तीन जणांच्या आधार कार्डांच्या पूर्ण नंबरासकट प्रती. कोणाचा तरी एक्स-रे रिपोर्ट. लग्नपत्रिका. मागच्या कमिटीच्या काळातलं लिफ्टचं कोटेशन, तेही चार वेळा. जिन्याखालच्या जागेसारखं झालंय, ज्याला जे नको ते तिथे. हे सगळं उचलून डीमध्ये टाकलं तर फक्त जिना बदलेल.

देसाई काकू (ए-४०४): एक्स-रे आमच्या ह्यांचा असेल. प्रिंट काढायला पाठवला होता. डिलीट करा प्लीज.

सावंत (ऑफिस): केला काकू. मॅडम, ते कंसातले नंबर मी देत नाही. तीच फाइल पुन्हा डाउनलोड केली की क्रोमच देतं. पहिली कुठे गेली ते दिसत नाही म्हणून पुन्हा करतो आपण.

शिंदे मॅडम (खजिनदार): आधार कार्डांचं काय? डीमध्ये ती सुरक्षित राहतील का?

निखिल (सी-७०४): चांगला प्रश्न मॅडम, आणि उत्तर जरा गैरसोयीचं आहे. विंडोजचं मूळ डाउनलोड्स प्रत्येक युजरच्या स्वतःच्या फोल्डरात असतं. सावंत काकांच्या लॉगिनमधलं डाउनलोड्स दुसऱ्या साध्या लॉगिनला उघडत नाही, फक्त ॲडमिनला उघडता येतं. डी ड्राइव्हवर आपण नवीन फोल्डर बनवतो त्याला तशी भिंत नसते. त्या कॉम्प्युटरवर ज्याचं ज्याचं लॉगिन आहे, त्याला ते साधारणपणे वाचता येतं, बदलता येतं. म्हणजे फाइल सीवरून डीवर गेली की जागेबरोबर तिची खासगीपणाची पातळीही बदलते.

ऑफिसमध्ये लॉगिन किती आहेत?

सावंत (ऑफिस): एकच आहे. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलाय.

कुलकर्णी आजोबा (ए-१०१): मग भिंतीचा प्रश्नच मिटला 😀

शिंदे मॅडम (खजिनदार): हसू नका आजोबा. रात्री गेटवरची मुलं सीसीटीव्ही बघायला तोच कॉम्प्युटर उघडतात.

निखिल (सी-७०४): मग फोल्डर हलवण्याआधी लॉगिन वेगळी करू. सीसीटीव्हीसाठी एक साधं, सावंत काकांचं एक, कमिटीचं एक. मग डीमधल्या सोसायटीच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी' टॅब आहे, तिथे सीसीटीव्हीचं लॉगिन बाहेर ठेवता येईल. ते मी बसून करून देतो, त्यात चुकीची टिक काढली तर आपणच बाहेर राहतो. आणि लक्षात घ्या, नव्या लॉगिनमध्ये क्रोमचं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

शिंदे मॅडम (खजिनदार): आणि मेंबरांना विनंती. भाडेकरूंचं आधार पाठवताना मास्क केलेलं पाठवा, ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवरून मोफत डाउनलोड होतं.

गोखले काका (सेक्रेटरी): मला तर वाटतं ते 'प्रत्येक वेळी विचारा' असं चालू करावं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. फाइल कुठे ठेवायची ते मीच सांगतो. शिस्त लागते.

निखिल (सी-७०४): आहे काका, त्याच पानावर लोकेशनच्या खाली. घरी एकटा माणूस वापरत असेल तर तेच उत्तम.

कुलकर्णी आजोबा (ए-१०१): ऑफिसमध्ये नको. मी सांगतो का. ती खिडकी उघडते ती शेवटच्या वेळी जिथे ठेवलं होतं त्याच फोल्डरवर. सावंतांनी सकाळी ऑडिटच्या फोल्डरात स्टेटमेंट ठेवलं, दुपारी कोणी भाडेकराराची पीडीएफ डाउनलोड केली आणि न बघता एंटर मारला, की करार गेला ऑडिटमध्ये. सहा महिन्यांनी शोधा. चार हात फिरतात तिथे माणूस वाचत नाही, एंटर मारतो. बँकेत ३४ वर्षं हेच पाहिलं.

निखिल (सी-७०४): आजोबा, मान्य. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

कुलकर्णी आजोबा (ए-१०१): प्रत्येक ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं. कागद आला की आधी आवकला नोंद, मग संबंधित फाइलला. डीमध्ये 'सोसायटी' फोल्डर, त्यात 'आवक'. सगळे ब्राउझर तिथे वळवा, विचारणं बंद. शनिवारी सावंतांनी आवक रिकामं करायचं, ऑडिटचं ऑडिटमध्ये, करार करारांत, फालतू ते डिलीट. आवकमध्ये काही राहिलं म्हणजे काम राहिलं, हे एका नजरेत दिसतं.

सावंत (ऑफिस): हे मला जमेल आजोबा. विचारत बसलं की घाईत गोंधळ होतो खरा.

शिंदे मॅडम (खजिनदार): माझी सहमती. 'सोसायटी'मध्ये आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर करा, म्हणजे पुढच्या वर्षी ऑडिटरला एकच फोल्डर द्यायचं.

गोखले काका (सेक्रेटरी): बरं. बहुमत आहे तर तसंच करा. माझ्या घरी मात्र विचारणारच 🙂

देसाई काकू (ए-४०४): निखिल, बाळा, माझं वेगळंच आहे. क्लासच्या प्रश्नपत्रिका वर्डमध्ये करते. नवीन फाइल सेव्ह करायला गेलं की ती वनड्राइव्हमध्ये जायला बघते. आता जागा संपली, पैसे भरा म्हणतंय. ब्राउझरमध्ये बदलून होईल का ते?

निखिल (सी-७०४): नाही काकू, ब्राउझरचा तिथे काही संबंध नाही. वर्ड, एक्सेल स्वतःचं सेटिंग स्वतः सांभाळतात. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह. तिथे 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट'वर टिक करा आणि त्याच्या खाली 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'मध्ये तुमचं फोल्डर द्या. एक्सेलमध्ये तेच पुन्हा करायचं. वनड्राइव्हमध्ये फुकट ५ जीबीच असतात. त्याने तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स तिकडे चढवायला घेतलं असेल तर ते भरायला वेळ लागत नाही. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअप बंद करता येतो, पण बंद केल्यावर फायली कुठल्या बाजूला राहिल्या ते आधी बघू. मी संध्याकाळी येतो, तुम्ही एकट्या करू नका.

देसाई काकू (ए-४०४): ये. थालीपीठ आहे.

पाटील (बी-३०२): निखिल, आमच्याकडेही काही तरी बिघडलंय रे 😋

रश्मी (सी-२०१): मॅकवर सफारीत कुठे असतं हे? आमच्या घरी विंडोज नाही.

निखिल (सी-७०४): सफारी, सेटिंग्ज, जनरल, 'फाइल डाउनलोड लोकेशन'. 'आस्क फॉर ईच डाउनलोड' तिथेच आहे.

सावंत (ऑफिस): तात्पुरतं फोल्डर बनवून क्रोम वळवलं. स्टेटमेंट्स उतरली, बारा महिन्यांची. एक्सेलमधलं उघडलं तर वर पिवळी पट्टी येते, 'एनेबल एडिटिंग'. फोल्डर बदललं म्हणून का?

निखिल (सी-७०४): नाही काका. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण लावतं, त्यामुळे ती पट्टी येते. फोल्डर कुठलंही असो. बँकेच्या साइटवरून तुम्ही स्वतः घेतली आहे, तर दाबायला हरकत नाही. अनोळखी मेलमधून आलेली असेल तर दाबू नका.

शिंदे मॅडम (खजिनदार): निखिल, सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज सेन्स' म्हणून दिसलं. तेही चालू करून टाकू का? जागा आपोआप मोकळी होईल.

निखिल (सी-७०४): टेम्पररी फायलींसाठी करा. पण त्यात डाउनलोड्ससाठी वेगळा पर्याय आहे, १, १४, ३० किंवा ६० दिवस न उघडलेल्या फायली काढून टाका असा. तो मुळात 'नेव्हर'वर असतो. तिथेच राहू द्या. वर्षातून एकदाच उघडायच्या फायलींचं ऑफिस आहे आपलं.

कुलकर्णी आजोबा (ए-१०१): शेवटचं. डी ही वेगळी डिस्क आहे की एकाच डिस्कचे दोन भाग?

निखिल (सी-७०४): सावंत काका, टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल शिफ्ट एस्केप), 'परफॉर्मन्स'मध्ये डावीकडे डिस्क ०, डिस्क १ असं काही दिसतंय का?

सावंत (ऑफिस): फक्त डिस्क ०. त्यापुढे कंसात सी आणि डी दोन्ही.

कुलकर्णी आजोबा (ए-१०१): वाटलंच. डिस्क गेली तर दोन्ही एकदम जाणार.

निखिल (सी-७०४): हो. विंडोज नव्याने टाकताना फक्त सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, तेवढाच फायदा. डीमध्ये ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

गोखले काका (सेक्रेटरी): मग बाहेरची हार्डडिस्क घेऊ. आणि डाउनलोड थेट तिच्यातच वळवले तर?

निखिल (सी-७०४): नको काका. ती लावलेली नसेल तेव्हा ब्राउझरला फोल्डर सापडणार नाही. दुसरा पेन ड्राइव्ह आधी लागलेला असेल तर तिचं अक्षरही बदलू शकतं, आज ई तर उद्या एफ. आवक डीमध्येच राहू दे. शनिवारी आवक रिकामं झालं की सोसायटीचं फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करायचं आणि हार्डडिस्क कपाटात.

शिंदे मॅडम (खजिनदार): कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. हार्डडिस्कचं बिल सोसायटीच्या नावाने घ्या, ऑडिटमध्ये लागेल.

गोखले काका (सेक्रेटरी): मंजूर. निखिल, रविवारी ११ वाजता ऑफिसमध्ये ये, लॉगिनचं तेव्हाच करू. सावंत, तोपर्यंत मॉनिटरवरचा तो कागद काढा.

सावंत (ऑफिस): काढला साहेब. पासवर्ड आता कुठे लिहून ठेवू?