'अग्रेमाँ': झग्यावरचे आणि हार्पसिकॉर्डवरचे

प्रश्न
१८व्या शतकातल्या फ्रेंच झग्यांवरच्या सजावटीला 'अग्रेमाँ' म्हणतात आणि फ्रेंच संगीतकार कूपरँच्या हार्पसिकॉर्ड-रचनांतही (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोआधीचं, तारा छेडणारं पट्टीवाद्य) स्वरांच्या अलंकारांसाठी हाच शब्द येतो. शब्द एकच का? शिवाय, झग्यावरच्या चुणीदार पट्टीला कापड किती धरायचं, कडा दुमडायच्या का? आणि 'त्राँब्लमाँ' या अलंकाराचे (शेजारचे दोन स्वर भरभर आलटूनपालटून वाजवणं) कूपरँच्या अलंकार-तक्त्यात छापलेत तेवढेच स्वर वाजवायचे का?

प्रतिसाद १
एकच. मूळ क्रियापदाचा अर्थ रुचणं, पसंत पडणं, म्हणून डोळ्याला किंवा कानाला रुचणारी सजावट ती अग्रेमाँ. राजदूताच्या नेमणुकीला यजमान देश जी संमती देतो तिलाही अग्रेमाँच म्हणतात. जुन्या छपाईत अनेकवचनातला t गाळलेला असतो (agréments ऐवजी agrémens), तो वेगळा शब्द समजू नका.

प्रतिसाद २
पट्टीबद्दल. पातळ, कडक टाफेटा (घट्ट विणीचं रेशमी कापड) असेल तर तयार लांबीच्या दीडपट ते दुप्पट कापड घ्या. पट्ट्या आडव्या, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत कापा. कडा दुमडू नका. दुमडीचा जाडपणा चुण्यांना खाली ओढतो आणि फुगा दबतो. त्या काळी कंगोऱ्यांच्या लोखंडी ठशावर हातोडा मारून कडा कापत. सरळ कापलेल्या काठावरून धागा लांबच्या लांब निघत जातो. कंगोऱ्यात मात्र प्रत्येक धागा तुकड्यातुकड्याने तुटलेला असतो, म्हणून उसवण फार पुढे जात नाही. सैल विणीच्या कापडाला हा उपाय लागू पडत नाही, त्यामुळे निवड घट्ट विणीचीच हवी. दोन्ही कडांपासून थोडं आत धावदोरा घाला, दोन्ही दोरे एकाच वेळी ओढा. एकच आधी ओढला तर पट्टी पिळते.

प्रतिसाद ३
तक्ता म्हणजे फक्त आकृती. कूपरँ १७१६च्या आपल्या वादनग्रंथात स्पष्ट सांगतो की त्राँब्लमाँ तक्त्यात सारख्या स्वरांचा दिसला तरी सुरुवात शेवटापेक्षा संथ हवी आणि वेग नकळत वाढला पाहिजे. त्याचे भाग तीन: आधी वरच्या स्वरावर टेकणं, मग आंदोलनं, शेवटी मुख्य स्वरावर थांबणं. घाईत पहिला भाग गाळला जातो आणि सगळी गंमत तिथेच जाते, कारण हार्मनीशी (सोबत वाजणाऱ्या स्वरांशी) होणारा तणाव त्या वरच्या स्वरात असतो. तो ठोक्यावरच पडायला हवा, आधी नव्हे.

'पोर द व्वा' हा दुसरा अलंकार खालच्या स्वरावरून मुख्य स्वरावर येतो, तोही ठोक्यावरच. कणस्वरासारखा ओझरता घेऊ नका. 'पँसे' या अलंकारात मुख्य स्वर, खालचा, पुन्हा मुख्य.

हार्पसिकॉर्डवर बोट जोरात दाबून स्वर मोठा होत नाही आणि तो लवकर विरतो. जोर द्यायचा, स्वर टिकवायचा, तर अग्रेमाँ हवेतच. म्हणूनच १७२२च्या तिसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत, खुणा लिहून दिल्या असतानाही वादक त्या पाळत नाहीत याबद्दल कूपरँ नाराजी व्यक्त करतो. फ्रेंच संगीतकार द'आंग्लबेरचा १६८९चा अलंकार-तक्ताही जरूर पाहा. त्यात २९ अलंकार आहेत आणि जर्मन संगीतकार बाखने तो स्वतःसाठी उतरवून घेतला होता.

प्रश्नकर्ता
आभार! पट्टी मशीनवर जोडली तर चालेल?

प्रतिसाद २
नको. मशीनची टीप चुण्या चपट्या करते. हाताने, चुण्यांच्या खोलगट भागात लांब टाके घाला, वरचा फुगा मोकळा राहू द्या. रेशीम महाग असल्यामुळे झगे उसवून नव्या फॅशनचे करत, त्यामुळे सहज निघणारे टाके त्या काळाला धरूनच आहेत.