सुई टोचणाऱ्या मित्रावर मनुष्यवधाचा गुन्हा?

कृष्णाकाठ: परवा इथं कुणीतरी लिहिलं, "जिममधल्या इंजेक्शननं पोरगं मेलं तर सोबतच्या सगळ्यांवर सदोष मनुष्यवध लावा." वाचून डोकं फिरलं. त्याला दवाखान्यात कोण नेणार? सोबतचीच पोरं ना? आमच्या गल्लीतलं पोरगं तासभर जिममागं पडून होतं. मित्र मोबाइल बंद करून पळाले, पोलिसांच्या भीतीनं. ती भीती अजून वाढवायची?

विटेकर_७७: मीच लिहिलं. माझा आतेभाऊ गेलाय. पहिली सुई शेजारच्यानं फुकट टोचली, तो आज मोकळा फिरतोय. तुम्हाला पळणाऱ्यांची काळजी, आत्याकडं कोण बघणार?

कोर्टगल्ली: दुःख मान्य. पण भारतीय न्याय संहितेच्या १०५ ला, म्हणजे सदोष मनुष्यवधाला, मरण येऊ शकतं याची जाणीव सिद्ध करावी लागते. १०६ ला, म्हणजे निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूला, निष्काळजीपणा हेच मृत्यूचं थेट कारण लागतं. पोरानं स्वतःच्या हातानं टोचून घेतलं की केस तिथंच ढिली पडते. ५० ग्रॅमच्या वर एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) सापडली तर एनडीपीएस या अमली पदार्थ कायद्यात १० ते २० वर्षं आहेत, पण ती मालासाठी. मेलेल्याचा हिशोब त्यात नाही.

मेडिकल_मिरज: आणि जिममध्ये टोचतात ते मेफेन्टरमाइन एनडीपीएसमध्ये नाहीच. भुलीनंतर बीपी पडलं की देतात ते.

कृष्णाकाठ: मग जिममध्ये पोचतं कसं? तुमच्याच काउंटरवरून.

मेडिकल_मिरज: दरवेळी मेडिकलवालाच! पोरं कुरिअरनं मागवतात. चिठ्ठीशिवाय दिलं नाही म्हणून माझ्या दुकानाची काच फोडली, तेव्हा कुठं होता?

विटेकर_७७: आमच्या चौकातल्या दुकानात सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट पुण्यात. भाड्याचं सगळं.

मेडिकल_मिरज: एकाचं पाप सगळ्यांच्या माथी मारू नका. तक्रार केली?

विटेकर_७७: केली. पोच मिळाली, बस्स.

तासगावची_माई: बाटलीवरच भांडत बसा. आपल्याच सांगली जिल्ह्यात २०२४ ला इरळीत, २०२५ ला विट्याजवळ कार्वेत एमडीचे कारखानेच सापडले, त्याचं काय? माझा लेक पोलीस धरतील म्हणून उपचाराला जात नव्हता. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात गेलं तर थोडक्या मालाच्या खटल्यातून एनडीपीएसच्या ६४-अ खाली संरक्षण मिळतं, हे वकिलानं सांगितलं तेव्हा गेला. दवाखान्यात नेणाऱ्या मित्रालाही असं कायद्यात पाहिजे.

विटेकर_७७: बरं, नेऊन दाखल करणाऱ्याला सोडा. तेही माईंसाठी म्हणतोय. पैसे घेऊन विकणाऱ्याला १०५ लावाच.

कोर्टगल्ली: लावता येईल, पण त्याला धोका माहीत होता हे पहिल्याच दिवशी पुराव्यात यायला हवं. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले मृताचे अवयव) राखला नाही, रिकामी बाटली, सुई, फोनवरचे मेसेज जप्त झाले नाहीत, तर कोर्टात काय दाखवणार? पंचनाम्याला उभं राहायला चौकातलं कुणी पुढं येत नाही, विटेकर. आधी तुम्ही उभे राहा.